टोपाची ब्रॅकेटं

उधव्याच्या विनोदभाईंनी विमान बांधायला घेतलं त्याला चार वर्षं झाली. विमान दोन सीटांचं आहे, पत्र्याच्या शेडमध्ये उभं आहे आणि अजून जमिनीवरून उठलेलं नाही. सांगाडा त्यांनी गुजरातमधल्या एका हौशी माणसाकडून अर्धवट अवस्थेत आणला. त्याने तो अर्धवट का सोडला, हे त्यांनी विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी विमानाची पहिली धाव ठरली. शेजारच्या माळावर साडेतीनशे मीटरची पट्टी सपाट केली गेली. पत्रिका तलासरीपासून डहाणूपर्यंत वाटल्या गेल्या. चालकाच्या नावाखाली छापलं होतं : ‘प्रथम प्रवासी – सौ. चंद्रिका’. चंद्रिकाबेनना हे पत्रिका वाचून कळलं.

“मला विचारलं का नाही?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“बायकोला कशाला विचारायचं? विचारतात ते बाहेरच्यांना.”

धावेला तीन आठवडे असताना एक निवृत्त विमान-इंजिनियर ओळखीतून पाहायला आले. शेपटी धडाला जोडणारी चार ॲल्युमिनियमची ब्रॅकेटं गंजून पांढरी पडली होती. त्यांनी चारही ब्रॅकेटांभोवती लाल पेनाने गोल काढले. “ही बदला. नाहीतर तुम्ही पुढे जाल आणि शेपटी मागे राहील,” म्हणाले आणि चहा न घेता गेले.

ब्रॅकेट म्हणजे वीतभर लांब, तीन बोटं रुंद पत्रा. मधोमध काटकोनात वाकवलेला, सहा भोकांचा. विनोदभाई वापीच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअरमध्ये होते. पत्रा दुसऱ्याला द्यायचा आणि सही घ्यायची, एवढाच त्यांचा पत्र्याशी संबंध. पण त्यांनी अकरा व्हिडिओ पाहिले होते.

विमानासाठीचा खास कडक पत्रा मुंबईहून आला. विनोदभाईंनी खिळ्याने त्यावर रेघ मारली, तुकडा व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि हातोडी चालवली. पत्रा बरोबर रेघेवर वाकला आणि बरोबर रेघेवर तुटला. दुसरा तसाच. तिसरा तसाच.

ते नरपडला तुषारकडे गेले. तुषार सोनारांसाठी दागिन्यांचे साचे कोरतो. केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळतो. त्याने तुकडे उन्हात फिरवून पाहिले.

“विनोदभाई, व्हाइसची कड चाकूसारखी आहे. सागाचा ठोकळा घ्या, त्याची कड गोल घासा आणि तिच्यावरून पत्रा हळूहळू वाकवा. आणि रेघ पेन्सिलने मारा. खिळ्याने ओरखडलं की तिथूनच जातो.”

“तू कानातल्यांचे साचे करतोस.”

“हो ना. माझं काम बिघडलं तर सोनार शिव्या घालतो. तुमचं बिघडलं तर शिव्या कोणाला घालणार?”

विनोदभाई रागावून घरी आले. पडवीत लग्नाकार्यात भात शिजवायचा ॲल्युमिनियमचा जुना टोप पडला होता, बूड गळणारा. त्यांनी त्याचा तुकडा कापला, व्हाइसमध्ये आवळला, ठोकला. तुकडा मुकाट वाकला. भेग नाही. त्यांनी त्याच दिवशी चार ब्रॅकेटं केली आणि बायकोला हाक मारली.

“मुंबईचा माल डुप्लिकेट निघाला. आपला टोप बघ. एकाला तडा नाही.”

“त्या टोपाला झारा लागला तरी पोचा यायचा,” चंद्रिकाबेन म्हणाल्या.

“पोचा आला, पण फुटला का कधी?”

चंद्रिकाबेननी एक ब्रॅकेट उचललं, दोन्ही टोकं धरली आणि पुस्तक उघडावं तसं उघडलं. मग बाकीची तीन. चार सपाट पट्ट्या त्यांनी नवऱ्यासमोर ओळीने मांडल्या. धाकटा दीर हिरू दारात उभा होता, तो हसला.

“तुझ्या हातात ताकद आहे,” विनोदभाई म्हणाले.

“वाऱ्यापेक्षा जास्त?”

विनोदभाईंनी हिरूकडे पाहिलं. हिरू हसतच होता.

“मला वाकवता येणार नाही असं करा,” चंद्रिकाबेन म्हणाल्या. “मग बसते. नाव छापलंयत, तर बसते. हिरूभाई, तुम्ही साक्षी.”

विनोदभाई पुन्हा नरपडला गेले, ‘सहज’ म्हणून. येताना सागाचा ठोकळा आणि पेन्सिल घेऊन आले.

रविवारी माळावर साठ खुर्च्या भरल्या. नारळ फुटला. एका ताटात हळदकुंकू लावलेली चार ब्रॅकेटं ठेवली होती. ती पाहुण्यांसमोर बसवायची होती. विनोदभाईंनी माइक घेतला. “आमच्या सौभाग्यवतींची एक अट आहे,” म्हणाले आणि ताटातलं एक ब्रॅकेट निवडून त्यांनी चंद्रिकाबेनच्या हातात दिलं.

चंद्रिकाबेननी जोर लावला. ब्रॅकेट हललं नाही. गुडघ्यावर टेकवून लावला. तळवे लाल झाले, ब्रॅकेट तसंच. टाळ्या पडल्या. हिरूने शेजारी उभ्या विमानातल्या सीटचा पट्टा सोडून ठेवला.

“बसते,” चंद्रिकाबेन म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, हातातलं ब्रॅकेट ताटात ठेवलं आणि वाकल्याच होत्या, म्हणून पलीकडच्या कडेचं उचललं. ते उघडलं. त्याच्या शेजारचंही.

टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात मांडीवर आले.

“टोपाची?” चंद्रिकाबेननी विचारलं.

“मुंबईचा पत्रा दोनच ब्रॅकेटांपुरता उरला होता,” विनोदभाई म्हणाले. माइक चालूच होता. “अगं, दोन तर पक्की आहेत ना. ती डाव्या बाजूला बसवणार. ही दोन उजव्या बाजूची. तिकडे जोर कमी येतो.”

“तुम्ही कुठे बसणार?”

“चालक डावीकडे बसतो. तसा नियमच आहे.”

“आणि मी?”

विनोदभाईंनी माइक खाली धरला, पण बंद केला नाही. “उजवीकडे.”

चंद्रिकाबेननी खोचलेला पदर सोडला आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची ओढून बसल्या.

“तुम्ही चालवा,” त्या म्हणाल्या. “तुमची बाजू पक्की आहे. मी इथून बघते.”

खुर्च्यांमधले साठही जण विनोदभाईंकडे बघू लागले. हिरू विमानाला लावलेली शिडी धरून उभा राहिला. विनोदभाईंनी ताटातल्या सपाट पट्ट्या उचलल्या, खिशात घातल्या आणि आचाऱ्याला जेवणं वाढायला सांगितली. सव्वादहा वाजले होते. जेवण साडेबाराचं ठरलं होतं.