टाचेचा ठोका

टेपचं पितळी टोक बेंबीपाशी टेकलं होतं, मुंगीएवढं, थंडगार, आणि टेप पाठीमागून फिरवून आणलेली बायको आकड्यावर वाकली होती. मास्तरांनी नजर छताकडे लावली. मग त्यांच्या ध्यानात आलं, पन्नास वर्षं या शिंप्याच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकानं हेच केलं होतं... कंबर मोजली जाताना माणूस जळमटांत एकदम रस घेऊ लागतो.

"श्वास सोडा."

"सोडलाय की."

"मला नका शिकवू, मास्तर. सोडा."

त्यांनी सोडला. वर्षापूर्वी याच जागी आकडा त्रेचाळीस निघाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोट उतरवा, नाहीतर गुडघे बसतील आणि उभं राहून कापड बेतणं विसरा. तिनं लगेच अट घातली : वर्षभरात अडतीस, नाहीतर दुकानाला कुलूप, आणि दोघांनी लेकीकडे राहायला जायचं. लेकीकडे जायला तिचा जीव किती तुटतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. बेतायच्या टेबलाशिवाय आपण म्हणजे दोऱ्याविना सुई, हे तिलाही.

म्हणून ते चालले. पहिल्या आठवड्यात पुलापर्यंत जाताना धाप अशी लागली, की कठड्याला धरून नदी पाहण्याचं सोंग करावं लागलं — आणि सोंग करता करता नदी खरोखरच दिसली, हिरवी, आळसावलेली, उन्हाचे तुकडे अंगावर खेळवणारी. मग पूल मागे पडला, टेकडी आली. एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले तर गुडघे चक्क कुरकुरले नाहीत... सत्तरीला आलेला माणूस भर रस्त्यात आपल्याच बुटांकडे पाहून हसत होता! दूध टाकून परतणारी बाई म्हणाली, "काय आजोबा, काही सापडलं वाटतं?" सापडलंच होतं. अंग नावाचं घर इतकी वर्षं भाड्यानं दिल्यासारखं परकं झालं होतं, त्याच्या खिडक्या एकेक उघडत होत्या.

पण टेप काय म्हणेल? टेप खोटं बोलत नाही, बोलतात ती माणसं, आणि त्यात या दोघांचा हात कोण धरणार! गाव डोळ्यांदेखत फुगलं होतं, कणीक फुगावी तसं, गुपचूप. कुणाचं मन मोडू नये म्हणून मास्तर कंबरेचा आकडा कमी करून मोठ्यानं सांगत आणि लाकडी जमिनीवर टाच हळूच आपटत. एका इंचाला एक ठोका. वही घेऊन बसलेली ती ठोके मिळवून खरं माप लिहून घेई. "चौतीस!" — आणि चार ठोके. निवृत्त फौजदार छाती काढून म्हणायचे, "पाहिलंत वहिनी? शिपाईगडी तसाच आहे," आणि शीळ घालत जिना उतरायचे. पॅन्ट नेमकी बसे. कुणाची तक्रार नव्हती. आपण माणसांना सुख दिलं की झोपेत ठेवलं, ही शिवण मास्तरांनी कधी उसवून पाहिली नव्हती.

"अडतीस," ती म्हणाली, आणि त्यांनी मान खाली करायच्या आत टेप सर्रकन ओढून गुंडाळू लागली.

अडतीस! रक्तातून काहीतरी उसळत गेलं... आणि मध्येच थबकलं. जमिनीवर सकाळपासूनची कातरणं घोटाभर साचली होती, आणि तिचे अनवाणी पाय त्यांत बुडालेले. तिथं टाच पडली असती तर गवतावर पान पडल्याइतकाही आवाज झाला नसता. पडली होती का? एकदा? दोनदा? की ती आपलीच छाती धडधडली?

"अगं," ते म्हणाले, "खरं सांग. टाच आपटलीस?"

तिनं टेप खुंटीला अडकवला. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, की नुसतंच ऊन होतं? खोटं असेल, तर लेकीचं अंगण तिनं आत्ता, एका आकड्यात, त्यांच्यासाठी सोडून दिलं होतं. आणि खरं असेल, तर हे हलकं शरीर त्यांनी स्वतः, पावलापावलानं, परत मिळवलं होतं. या दोहोंतलं कुठलं अधिक हवं, हे मास्तरांना सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मापाची घाई नव्हती. शीळ घालत उतरणाऱ्या त्या सगळ्या माणसांना काय वाटत असेल, ते आत्ता त्यांच्या पोटरीपर्यंत उतरत होतं, उबदार, वेडं, उद्याच्या टेकडीसाठी आत्तापासूनच अधीर.

"अगं, विचारतोय मी..."

कातरणं तुडवत ती जिन्याकडे चालू लागली होती.