पाळणाघराच्या दारातला ताप

सोमवार, सकाळचे सव्वाआठ. पाळणाघराच्या काचेच्या ओसरीत मुलांची रांग लागली होती आणि मी दोन वर्षांच्या एका मुलीच्या कपाळासमोर लाल झालो. तिच्या आईने घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजता तिला कामावर हजर व्हायचं होतं, आणि त्या नोकरीत तिला कायम करायचं की नाही ते त्याच आठवड्यात ठरणार होतं.

मी थर्मामीटर बोलतोय. काखेत धरतात तो नव्हे, कपाळावर रोखतात तो. दिसायला बंदुकीसारखा, स्वभावाने गरीब. घोडा दाबला की 'टीं' करतो. ताप नसेल तर हिरवा होतो, असेल तर लाल. मला मत नाही, माझा कुठला पक्ष नाही. तरी त्या सोमवारचं सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडण्यात आलं, म्हणून तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर शेकडो भावंडं पुढेमागे, आणि पट्ट्याच्या शेवटी तपासणारी एक बाई. तिने मला निरखलं, दोनदा 'टीं' करायला लावलं आणि खोक्यात झोपवलं. शेजारी एक घडीचा कागद ठेवला. कपाळ उन्हात तापलेलं असेल किंवा डोक्यावरची टोपी नुकतीच काढली असेल तर थोडा वेळ सावलीत थांबा, मग मोजा, असं त्यावर कितीतरी भाषांत छापलं होतं. पाळणाघरात खोकं उघडलं त्याच दिवशी त्या कागदाचं विमान झालं. छान उडालं.

तिथे माझे दिवस मजेत गेले. रोज सकाळी मुलं आत यायची, बूट काढायची, पिशव्या खुंटीला अडकवायची, आणि मग ताई मला एकेकाच्या कपाळावर रोखायची. कुणी डोळे गच्च मिटायचं, कुणी दोन्ही हात वर करायचं. एक मुलगा आधी आपल्या कापडी सशाचा ताप बघायला लावायचा. सशाला कधीच ताप नसायचा, तरी तो दरवेळी सुटकेचा निश्वास टाकायचा.

मोठ्यांच्या तऱ्हा त्याहून न्याऱ्या. आईबाप माझ्याकडे निकालाच्या पाटीसारखे बघायचे. एक बाबा पोराचं कपाळ ओल्या रुमालाने पुसून आणायचे. काही जण घरूनच तापाचं सिरप पाजून आणायचे. ती मुलं आठला हिरवी आणि अकराला लालबुंद. मी कुणाला नावं ठेवत नाही. ज्याला सुट्टी मिळत नाही तो काहीही करतो.

उरलेला दिवस मी दर्शनी टेबलावर पडून असायचो. तिथेच चौकशीला आलेली माणसं बसायची. फीचा प्रश्न सगळे आवाज खाली करून विचारतात, हे मला तिथे कळलं. मॅडम, म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या बाई, आकडा आधी सांगत नसत. आधी वाळूचा हौद, मग दुपारच्या झोपेची खोली, मग भिंतीवरची फुलपाखरं, आणि माणूस पुरता विरघळला की आकडा.

ही आई आली तेव्हा तिचे वडील सोबत होते. छापखान्यात कामाला, बोटांना कायमची शाई. नात सारखी गुणगुणायची म्हणून त्यांनी तिचं नाव भुंगा ठेवलं होतं.

आकडा ऐकून आजोबा खुर्चीत मागे रेलले. "घरी सांभाळणाऱ्या काकू निम्म्यात घेत होत्या. वर दुपारी गरम जेवण."

"आणि काकूंना ताप आला तर?" मॅडम हसून म्हणाल्या. त्यांचं हे वाक्य ठरलेलं होतं. "इथे एक ताई आजारी पडली तर दुसरी उभी राहते. आमचं पाळणाघर कधी बंद नसतं."

आईला तेच हवं होतं. "बाबा, काकूंची कंबर धरली तेव्हा मी आठ दिवस घरी बसले आणि हातातली नोकरी घालवली. विसरलात?"

"विसरतो कशाला? पण पगाराचे पाच वाटे केले तर काकू एक नेत होत्या. हे दोन नेणार."

"नेऊ देत. मला रोज सकाळी दार उघडं पाहिजे."

भुंग्याचं नाव घातलं गेलं. प्रवेशाचे वेगळे, साहित्याचे वेगळे, घ्यायला उशीर झाला तर त्याचे वेगळे. आजोबांच्या भुवया प्रत्येक 'वेगळे'ला एकेक पायरी चढत गेल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. एरवी मला आतल्या दिवाणखान्यात वापरायचे. पण एखाद्या सकाळी मॅडम फोन ठेवायच्या, हजेरीच्या फळ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आज रांग ओसरीतच लावा. आत गर्दी नको." ओसरी पूर्वेची, तिन्ही बाजूंनी काच. सकाळचं ऊन थेट पोरांच्या तोंडावर. अशा दिवशी मी भराभर लाल व्हायचो. मला वाटायचं, साथ आली असेल.

भुंगा अशी दोनदा परत गेली. एकदा ताप आला की चोवीस तास मूल घ्यायचं नाही, हा नियम. दोन्ही वेळा आईने बिनपगारी रजा काढली. दुसऱ्या रजेनंतर तिच्या साहेबांनी सांगितलं, तिसरी काढायची वेळ आली तर आपण कायम करण्याचं बोलायला नको.

आणि मग तो सोमवार.

मी लाल झालो. आईचा चेहरा पांढरा. "ताई, घरून निघताना काही नव्हतं हिला."

"काय करू? लाल दाखवतंय," ताई पुटपुटली. दार लागलं.

परत पाठवलेले सगळे बाहेरच्या जिन्यात बसले. तिथे सावली होती. दाराच्या काचेतून मला त्यांची डोकी दिसत होती, प्रत्येक डोक्याला फोन चिकटलेला. आईने छापखान्यात लावला. आजोबांना मशीन सोडून निघता येत नव्हतं. मग काकूंना लावला. तो फोन तिने जिन्यातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात केला, म्हणून मलाही कळलं. काकूंकडे चार मुलं होती. पाचवं त्या घेत नाहीत, घसा फोडला तरी घेत नाहीत.

फोन ठेवून आईने लेकीच्या कपाळाला गाल लावला. पुन्हा लावला. मग शेजारच्या बाबांना म्हणाली, "तुमच्याचं बघा हो जरा."

"गार आहे की हा!"

दोन मिनिटांत सगळा जिना दारात. आईने काच वाजवली. "ताई, पुन्हा मोजा. आत, सावलीत."

ताईने मागे पाहिलं. मॅडम फोनवर होत्या. ताईने मला उंबऱ्याच्या आत धरलं. टीं, हिरवा. टीं, हिरवा. एकामागून एक सगळे हिरवे. कापडी सशाचा मालकही त्यात होता; त्याने टाळ्या वाजवल्या.

मॅडम धावत आल्या. "मशीन बिघडलेलं दिसतंय."

"आत्ता बिघडलं की मघाशी?" आईने विचारलं.

"ते कंपनीचा माणूस सांगेल. पण बिघडलेल्या मशीनच्या भरवशावर मी मुलं आत घेऊ शकत नाही. आमच्यावर जबाबदारी असते."

"मघाशी याच मशीनच्या भरवशावर बाहेर काढलीत ना?"

मागून कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"मॅडम, आज ताया किती आल्यात?"

"स्टाफची माहिती आम्ही पालकांना देत नाही."

"बरं. आजचे पैसे तरी वळते कराल?"

"आजारपणाच्या दिवसाचे वळते होत नाहीत."

"आजारी कोण आहे?"

मॅडमनी फोन पुन्हा कानाला लावला. आईने एक हात पुढे केला. "हे बिघडलंय ना? टाकूनच देणार ना? मग द्या इकडे." आणि मला ताईच्या हातातून घेऊन तिने पर्समध्ये टाकलं. कुणी अडवलं नाही. बिघडलेल्या वस्तूवर हक्क कोण सांगणार?

आई कामावर पोचली तेव्हा पावणेदहा झाले होते. एका कडेवर भुंगा, दुसऱ्या खांद्यावर मी. ती औषधांच्या गोदामात आवकजावक बघते. साहेब बोलायला तोंड उघडणार एवढ्यात तिने मला त्यांच्या कपाळावर रोखलं. टीं. हिरवा. मग गोदामातला त्यांचा थर्मामीटर लावला. दोघांचा आकडा एकच. "बघा," ती म्हणाली, "तुम्ही रागावलात, पण ताप नाही. तसाच माझ्या मुलीलाही नव्हता." गोदामातले हमाल खो खो हसले. साहेबही हसले, पण कायम केलं नाही. परीक्षेचा काळ आणखी तीन महिने वाढवला. त्या तीन महिन्यांत पगारवाढ नाही.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आजोबांनी छापखान्यातला एक रद्दी कागद पालथा केला आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला काकू: त्यांची फी, त्यांच्या कंबरेचे आठ दिवस, वर्षातून एकदा त्या गावाला जातात ते दिवस. "टीव्ही दिवसभर चालू असतो, तेही लिहा," आई म्हणाली. त्यांनी लिहिलं. दुसऱ्या बाजूला पाळणाघर: फी, सगळे 'वेगळे', आणि बुडालेला पगार. बेरीज करून आजोबांनी चष्मा काढला.

"दोन वाटे कुठले? अडीचच्या वर गेलंय. आणि काकू आजारी पडल्या तर फोन करून सांगायच्या, बाई, मी आजारी आहे. इथे माणसं कमी पडतात पाळणाघराची आणि ताप येतो आपल्या पोरीला."

पुढच्या महिन्यात काकूंकडचं एक मूल शाळेत गेलं आणि भुंग्याला जागा झाली. मी आता या घरात फडताळात असतो, वह्या आणि सुईदोऱ्याचा डबा यांच्या मधोमध. बॅटरी उतरलीय, आवाज बसलाय, पण आकडा चुकत नाही. तुम्हीही कधी असा कागद पालथा घालून मधे रेघ ओढाल, तेव्हा एवढं करा: नुसत्या फीपाशी थांबू नका. सांभाळणारं माणूस आलं नाही तर तो दिवस कुणाच्या पगारातून जातो, ते आधी विचारा. आणि मुलाला उन्हातून आणलं असेल तर पाच मिनिटं सावलीत बसू द्या.

पाळणाघराने पालकांना कळवलं की सदोष उपकरण बदलण्यात आलं आहे. आईने पाळणाघरांना परवाना देणाऱ्या कार्यालयाला दोनदा लिहिलं. पोच आली, उत्तर आलं नाही. तिला मिळालं नाही ते उत्तर मी देऊ शकतो, पण मला कुणी विचारत नाही, म्हणून इथे सांगतो. एका ताईमागे सहाहून जास्त मुलं ठेवायची नाहीत, असा परवान्याचा नियम आहे. त्या सोमवारी रांगेत एकोणीस मुलं होती. मॅडमनी सात परत पाठवली. राहिली बारा. आणि कामावर ताया आल्या होत्या दोन.