उजवा कान

डॉक्टरांशी मी खोटं बोलले नाही, नुसती गप्प बसले. खोटं बोलले ते काकूशी, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या आमच्या अंतराळतळावर प्रवाशांचे कान-नाक-घसा मी तपासते. फिरत्या खुर्चीत बसवून तोल बघायचा, कानात रबरी टोक घालून पडदा हलतो का ते बघायचं. त्याशिवाय कुणी यानात चढत नाही.

त्या सकाळी खुर्चीत आमच्या शेजारचे अनसेल्मो काका होते. चाळीस वर्षं त्यांनी विमानातून मिरचीच्या शेतांवर औषध फवारलं. त्या घरघरीत डावा कान कायमचा गेला, उरला उजवा. घरी ओतिलिया काकू, तिला सहा वर्षं झाली काही दिसत नाही. ती हाक मारणार, हे "आलो गं" म्हणणार, असा त्यांचा संसार त्या एका कानावर चाललेला. गावकऱ्यांसाठी कंपनीनं सोडतीत ठेवलेली एकुलती एक जागा काकांना लागली, तेव्हा म्हातारा गावभर सांगत सुटला.

आदल्या दिवशी फोनवर त्यांचं नाक चोंदलेलं मी स्वतः ऐकलं होतं. आणि आता यंत्रानं काढलेली कानाच्या पडद्याची रेघ एकदम निरोगी. शर्टाला पुदिन्याचा वास येत होता.

"काका, नाकात काय मारलंत?"

"गप गं. तू काय पोलीस आहेस?"

"तो फवारा चार तास टिकतो. वर जाताना कान आपसूक मोकळा होतो, उतरताना चोंदल्या नाकानं होत नाही. नुसता पडदा नाही, आतलं फाटतं. आणि तुमच्याकडे दुसरा आहे का?"

"अगं चार तासांत मी खाली येऊन जेवायला बसलेला असेन. सत्तर वर्षांच्या माणसाला पुन्हा कोण बोलावणार आहे, नेल्दा?"

तेवढ्यात डॉक्टर व्हिटफील्ड आत आले. दोन आठवड्यांत सर्दी? "नाही." नाकात औषध? "नाही." वैमानिकांची जातच तशी. डॉक्टरला खरं सांगितलं की विमान जमिनीवर, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी कागद पुढे केला आणि त्यांनी सही केली.

उड्डाण दहाला होतं. वारा सुटला. अकरा वाजले, बारा वाजले, वारा काही पडेना. काका आत पट्ट्यांनी बांधलेले, फवारा बाहेर त्यांच्या कपाटात. फवाऱ्याचे चार तास सरले होते. डॉक्टरांना फोन केला असता तर त्यांनी काकांना लगेच उतरवलं असतं. फोन माझ्यापासून चार पावलांवर होता.

काकू शेजारी बसली होती. "त्याचा कान बरा आहे ना गं? काल गेंगाणा बोलत होता."

"बरा आहे, काकू."

"म्हणाला, तुझ्यासाठीच बघून येतो. सगळं सांगेल बघ मला."

ती इतकी खुशीत होती की मी उठले नाही. पावणेएकला यान निघालं.

वर सगळं छान झालं. टीव्हीच्या पडद्यावर काका तरंगत होते, हसत होते. मग उतरणं सुरू झालं आणि त्यांनी काचेच्या टोपाची झडप उघडून नाक दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि डोळे एका बाजूला झरझर हलायला लागले. मी तसे डोळे फिरत्या खुर्चीत रोज बघते. पण खुर्ची थांबली की तेही थांबतात.

त्यांना दोघांनी उचलूनच आणलं. उभं राहता येत नव्हतं, ओकारी येत होती, पण बोलणं सुरूच. "कान जरा दडपलाय, सुटेल. ओतिलिया कुठाय?"

मी काकूचा हात त्यांच्या हातात दिला.

"अगं, आभाळ काळं होतं, भर दुपारी. आणि खाली आपली नदी, दोऱ्याएवढी."

"आपलं घर दिसलं का रे?" काकूनं विचारलं.

काका तिच्याकडे बघत राहिले. डॉक्टर मागून काहीतरी ओरडले, तेही त्यांना कळलं नाही.

"रागावलीस का?" काका म्हणाले. "काहीतरी बोल की."

"बोलतेय," काकू म्हणाली. "अनसेल्मो, मी बोलतेय."