बाळंतिणीच्या खोलीतली देवी

मखमलाबादच्या मळेवस्तीत त्या सकाळी झेंडूचे क्रेट भरायला माणूस मिळेना. सगळी वस्ती कडुलिंबाच्या ओट्यापाशी लोटली होती. बायका पदर सावरत पुढे, पुरुष चपला हातात धरून मागे आणि ओट्यावर, कानांवरून घट्ट भगवा फेटा गुंडाळलेले गोटीराम महाराज. हेच महाराज मागच्या साली स्टँडवर मोबाइलची कव्हरं विकायचे. पण एकदा देव अंगात आला, की माणसाचं मागचं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

"खट् खट् देवी, बोल माझ्या कानी!" महाराज डोळे मिटून डुलायला लागले. "येतोय... आवाज येतोय... अगं माये, एकेक बोल! या गर्दीत एक माउली हाय. तिनं जावेपासून तुपाचा डबा लपवलाय!"

"माझाच वो महाराज! चुकले!" मागून एक बाई किंचाळली.

झालं! लोकांनी धडाधड लोटांगणं घातली. एकट्या हर्षालीनं हात जोडले नाहीत. या देवीचं तिला काही खरं वाटत नव्हतं. देवी बोलायची ती फक्त बायकांची धुणीभांडी उरकल्यावर. वीज गेली की एकदम मुकी व्हायची. "देवीलापण लाइटबिल येतं वाटतं," ती सासूच्या कानात पुटपुटली. विठाबाईंनी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं.

तेवढ्यात महाराजांचं बोट त्यांच्याकडेच वळलं.

"विठाबाई! तुझी सून पहाटं फुलं तोडायला जात नाय. कॅनॉलच्या रस्त्यानं पळती! पोलिसात भरती व्हायचंय तिला. ही सोमवारी मैदानात उतरली, तर तुझ्या घराचा उकिरडा व्हईल, असं देवी म्हणती!"

हर्षालीनं सासूची नजर चुकवली. कारण ते खरं होतं. पावसाळ्यापासून ती अंधारात उठून पळत होती, शेवंतीच्या वाफ्याआड दगड घेऊन गोळाफेक करत होती. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. भारतच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं. म्हणजे सोमवार गेला की सगळंच गेलं.

विठाबाईंनी तिला मनगटाला धरून घरी नेलं. "सोमवारी उंबरा ओलांडलास तर बघ! माझं काय, मी एक वेळ ऐकलं असतं. पण देवीच्या विरोधात कोण जाईल?"

ही गोष्ट हर्षालीनं एकाच माणसाला सांगितली होती. शेजारच्या सखुबाईंची लेक छाया, इंदिरानगरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, बाळंतपणाला माहेरी आलेली. दुसऱ्या दिवशी हर्षाली तणतणत तिच्या खोलीत शिरली.

"छायाताई, तुम्ही सांगितलंत ना?"

"मी? अगं, सव्वा महिना होईस्तोवर आई मला दारातल्या उन्हातसुद्धा जाऊ देत नाही! शेक, शेगडी, डिंकाचे लाडू आणि ही कार्टी. सांगू कुणाला?"

"मग तेव्हा इथं तिसरं कोण होतं?"

दोघींनी पाळण्यात बघितलं. बाळ मूठ चोखत होतं.

"हिनं चुगली केली असेल, तर गोटीरामाला उठवून हिलाच ओट्यावर बसवू," छाया म्हणाली. हर्षालीला रडता रडता हसू आलं, आणि मध्येच ती थांबली.

"ताई, तुपाच्या डब्याचं बोलणंपण इथंच झालं होतं. मी होते तेव्हा."

छायाचा थोपटणारा हात थांबला. खरंच की! वस्तीतली एकूण एक बाई झबलं-टोपडं घेऊन बाळाला बघायला येत होती. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष फिरकत नाहीत, म्हणून सासू, जाऊ, नवरा, सगळ्यांची गाऱ्हाणी तिथं मोकळी व्हायची. या खोलीला ज्याचा कान लागला, त्याला अख्ख्या वस्तीची कुंडली मिळाली.

हर्षालीनं भिंती न्याहाळल्या, खिडकी न्याहाळली. पाळण्याच्या दांडीला एक पांढरी डबी लटकत होती. तिच्यावर हिरवा दिवा आणि तिची वायर थेट बोर्डात.

"हे काय?"

"आमच्या ह्यांनी ऑनलाइन मागवलंय, स्वस्तातलं. बाळ रडलं की आवाज बिनतारी जातो. स्वयंपाकघरात दुसरी डबी आहे, तिच्यात आईला ऐकू..." छायानं डबीकडे निरखून बघितलं. मग हळूच म्हणाली, "हर्षाली, बाबांचा रेडिओ आण बरं."

काटा फिरवला. गाणी लागली, सोन्याच्या दुकानाची जाहिरात लागली, आणि मग रेडिओ अशी कर्कश शिट्टी मारून ओरडला की बाळ दचकून रडायला लागलं. ते रडणं रेडिओतूनही येत होतं! हर्षाली रेडिओ घेऊन अंगणात गेली, अंगणातून गल्लीत, गल्लीतून ओट्यापर्यंत. तिथंही छायाचा आवाज स्पष्ट आला, "ऐकू येतंय का गं?"

ती धावतच परतली. छायानं आधी डबी बंद केली, मग बोलली. "ही डबी नुसती आवाज हवेत सोडते. भिंत कुठली, घर कुणाचं, तिला काय कळतंय? तीच जागा रेडिओवर ज्याला सापडली, तो ऐकणार. फेटा कशासाठी कानावरून बांधतो, समजलं?"

"मेल्याच्या तोंडात शेण घाला! आता कायमची बंद ठेवा ती."

"परवापासून. आधी देवीला थोडं खोटं बोलू दे."

दुसऱ्या दिवशी विठाबाई सुनेला उतारा करायला ओट्यावर घेऊन गेल्या. महाराजांनी तिला समोर बसवून डोक्यावर लिंबू ठेवलं. हर्षालीनं पदराआड फोन चालू ठेवला होता, म्हणजे ओट्यावरचं छायाला कळत राहील. तिकडं खोलीत छायानं डबीजवळ तोंड नेऊन आईशी मोठ्यानं गप्पा सुरू केल्या.

महाराज डुलले. "खट् खट् देवी! सखुबाईच्या घरी सटाण्याहून नणंद आलीय... चंपूबाई! तिची नथ कांद्याच्या चाळीत हरवलीय. सुनेनंच घेतलीय!"

लोकांनी हात जोडले. पण विठाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "आं? सखुबाईला नणंदच नाय की! तिचे मालक सावळीरामभाऊ एकुलते एक."

"देवी कधी चुकती का?" महाराज गरजले.

"देवी नाही चुकत," असं म्हणत हर्षालीनं फेट्याखालून मानेवर उतरलेली काळी वायर धरली आणि हिसडली. लिंबू घरंगळलं, फेटा सुटला, झोळीतला रेडिओ खणखणीत बोलायला लागला.

"महाराज, नमस्कार. मी छाया. बाळाचा लंगोट बदलतेय, तेवढा वास सहन करा. मंडळी, चंपूआत्या मी आज सकाळी जन्माला घातली. माझ्या पाळण्याला टांगलेल्या डबीतून निघालेलं बोलणं हे गृहस्थ कानात रेडिओ घालून ऐकतात. देवीला तुमच्या घरातलं सांगायचंच असेल, तर ती तुम्हालाच सांगेल ना? मधे गोटीराम कशाला? कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर पाया पडू नका. आधी एवढंच विचारा, याला कुठून कळलं?"

मागोमाग बाळानं टाहो फोडला. ओट्यावर कुणी हसेना. मग तुपाच्या डब्यावाली उठली. "म्हंजी आम्ही बाळंतिणीपाशी काळीज उघडं केलं, ते हा मेला ऐकत व्हता?"

"गैरसमज होतोय, माउली, लहरींचा..." महाराजांनी झोळी उचलली. पण बायकांनी ओट्याला वेढा घातला होता. त्यांनी एकेक करून त्याला जाब विचारला आणि पोलीस येईपर्यंत हलू दिलं नाही.

विठाबाई झपाझप पावलं टाकत घरी निघाल्या. त्यासुद्धा छायाच्या खोलीत बरंच काही बोलल्या होत्या. त्यातलं काय काय त्या माणसानं ऐकलं असेल, या विचारानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. दारात त्या थांबल्या.

"सोमवारी मैदानावर कधी पोचायचं?"

"पहाटे, आत्याबाई."

"मंग मला उठव. मीबी येती." त्या आत वळल्या आणि पुन्हा मागं फिरल्या. "पण एक ध्यानात ठेव. नापास झालीस, तर देवीला बोल लावायचा नाय. सराव कमी पडला म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायचं."