मासवडीचं फडकं

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी हरभऱ्याच्या डाळीएवढ्या भिंगांवर जाळी चढवायचो. केसाहून बारीक रेघांची ही जाळी हवा तेवढाच रंग आत सोडते, बाकीचा अडवते. सपाट काचेवर ती मुकाट बसायची. फुगीर भिंगावर मात्र कडेला चुण्या पडायच्या, नाहीतर मधोमध तडा जायचा. २००३ साल होतं. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

वैतागून वारूळवाडीला घरी आलो, तर आई मासवड्या करत होती. ओल्या फडक्यावर शिजवलेलं बेसन पातळ थापून, वर सारण पसरून तिनं फडक्याची कड उचलली. थर वळला, पण कुठं भेग म्हणून पडली नाही. पंचवीस वर्षं नुसतं गिळत आलो होतो, बघितलं त्या दिवशी. मी तिला पुन्हा करायला लावलं.

"वडीला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "फडकं उचलायचं, ती आपसूक येती. अन् फडकं सुकू द्यायचं न्हाई."

सोमवारी मी जाळी रबराच्या ओल्या पापुद्र्यावर घेतली, पापुद्रा भिंगावर मधून कडेकडे टेकवला आणि हळूच सोडवला. जाळी भिंगावर नीट बसली होती.

साहेबांनी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावून कौतुकाचा कार्यक्रम ठेवला. आई मासवड्यांचा डबा घेऊन आली. लसणाचा वास हॉलभर सुटला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा मी पायानं खुर्चीखाली सरकवला. हो, पायानं.

साहेबांनी पाहुण्यांना सोप्या मराठीत सांगितलं, की जाळीला हात न लावता खालचा ओला पापुद्राच कसा उचलायचा. ऐकता ऐकता आईचा चेहरा उजळला. मग साहेबांनी मला विचारलं, हे सुचलं कसं?

"एका जर्मन मासिकात वाचलं होतं," मी म्हणालो.

आईनं मान डोलावली. मी लहानपणापासून लई वाचतो, असं तिनं साहेबांना अभिमानानं सांगितलं. मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी तिला शिवाजीनगरला एस.टी.त बसवलं. न उघडलेला डबा तिच्या मांडीवर होता. गाडी सुटता सुटता तिनं खिडकीतून विचारलं,

"जर्मनीतबी मासवड्या करत्यात व्हय रं?"

टोमणा असता तर मी सोसला असता. ती खरंच विचारत होती.