तासलेला फर्मा

मी एक जुना फर्मा आहे, बूट शिवण्याचा. म्हणजे लाकडाचा पाय, तोही डावा. माझ्यावर चामडे ताणून बसवायचे, तळ शिवायचा आणि मग मला आतून ओढून काढायचे. बूट गावभर हिंडतो, मी मात्र पुन्हा फळीवर. तक्रार नाही, मित्रांनो, सांगतो आहे एवढेच.

मला आमच्या कारागिराने स्वतःच्या हाताने घडवले. त्या काळी वकील, डॉक्टर, नवरदेव, सगळे आमच्याकडेच पायाचे माप देत. कारागीर मला गिऱ्हाइकापुढे धरून म्हणायचा, "हात फिरवून बघा. कुठे खडबडीत लागला तर बूट फुकट!" मीही तेव्हा फार मिजाशीत असे.

मग समोर मोठ्या काचा लावलेले दुकान आले. कारखान्याचे बूट, स्वस्त आणि तयार. आमची गिऱ्हाइके एकेक करून रस्ता ओलांडू लागली. कारागीर चिडला, आणि चिडलेल्या माणसाला शेजाऱ्याची नक्कल करण्यातच शहाणपण वाटते. तिकडे टोकदार बुटांची चलती होती, म्हणून त्याने कानस घेऊन मला आणि माझ्या उजव्या जोडीदाराला घासघासून टोकदार केले. मी बराच अरुंद झालो, आखूडही झालो. आमचे टोकदार बूट तयार होईपर्यंत समोर रुंद बुटांची फॅशन आली होती. तासलेले लाकूड काही परत वाढत नाही. तेलही गेले, तूपही गेले.

"बस झालं," एके दिवशी कारागीर म्हणाला. "या महिन्यात दुकान बंद करू. फर्मे घाल चुलीत."

त्याची मुलगी दुकानातच चामडे शिवत असे. तिने सुई खाली ठेवली नाही. "बाबा, शाळेतल्या त्या बाई बघितल्यात? समोरून दर वेळी एकाच बुटाचे दोन जोड घेतात, एक मोठा, एक लहान. दोन्हींतला एकेक वापरतात आणि उरलेले टाकतात. लहानपणी आजारपणात त्यांचा डावा पाय वाढायचा राहिला."

"मग मी काय करू?"

"समोर जे मिळतं ते आपण करायचंच नाही. समोर जे मिळत नाही, तेवढंच करायचं."

ती बाईंना घेऊनच आली. माप झाले. लांबीला मी अगदी बरोबर निघालो! पण बाईंचा पाय वरून उंच होता आणि अंगठ्यापाशी हाड बाहेर आलेले होते. मुलगी म्हणाली, "इथे चामड्याचे तुकडे ठोकून फर्मा वाढवू."

कारागीर उसळला. "फर्म्यावर खिळे? त्यापेक्षा माझ्या कपाळात ठोक!"

"तुमच्या कपाळावर बूट बसणार आहे का, बाबा?"

त्याने मला उचलून माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "आण ती हातोडी. तू वाकडे मारशील."

खिळे लागले ते लागलेच, पण लाज त्याहून जास्त वाटली. एवढा देखणा मी, आणि अंगावर टेंगळेच टेंगळे. बाईंच्या उजव्या पायाला फळीवरचा दुसराच फर्मा चालला, म्हणून माझा जोडीदार रुसून बसला तो वेगळाच.

बूट तयार झाले. बाईंनी ते घातले, दारापर्यंत चालत गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या, या वेळी भरभर. बाईंनी पिशवी उघडली आणि सवयीने विचारले, "आणि उरलेले दोन कुठे आहेत?"

"उरलेले काही नाहीत, बाई," कारागीर म्हणाला. "हे दोन्ही तुमचेच आहेत."

बाई खुर्चीत बसल्या आणि रडल्या. मलाही भरून आले.

त्यानंतर त्या दुकानात दुखऱ्या, वाकड्या, लहानमोठ्या पायांची माणसे येऊ लागली. फळीवर आता एकही फर्मा गुळगुळीत नाही, आणि कारागीर नवे टेंगूळ स्वतः ठोकतो.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, वाळवीपासून जपा. फक्त कुणी हौसेने मला घासून पहिल्यासारखा देखणा करायला येऊ नका. बाईंचे बूट झिजत आले आहेत. मला कामावर जायचे आहे.