भांगाचं तेल

माझे केस चोविशीतच पातळ झाले आणि आईने ते माझ्यापेक्षा जास्त मनाला लावून घेतलं. "बोटीवर लागलास की पोरगी मिळंल, पन टकल्याला कोन देनार रं कल्पेश?" असं ती सगळ्या सुकापूरला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायची. मग खांदा कॉलनीत दिलेल्या माझ्या बहिणीने, कोमलने, कुठल्याशा प्रदर्शनातून हिरवट तेलाची बाटली पाठवली आणि आईला फोनवर तेलाचं नाव सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी आई माझ्या डोक्यावर ते 'भांगाचं तेल' चोळत होती. भांग रुंद होत चाललाय, तर तेलही भांगाचंच पाहिजे, हे तिला अगदी पटलं होतं.

जहाजावर रुजू होण्याआधीची वैद्यकीय तपासणी पनवेलला होती. त्यात नशेसाठी लघवीही तपासतात. काही सापडलं की नोकरी विसरायची. मी तंबाखूलाही न शिवणारा. ऐटीत नमुना दिला आणि बाहेर बाकावर आईशेजारी येऊन बसलो. तेवढ्यात कोमलचा फोन आला. मी तो आईलाही ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"भांगेचं तेल संपलं का रे? दुसरी बाटली पाठवू?"

"भांगाचं म्हण, बाई," मी तिला सुधारलं.

"भांगाचं कसलं? भांगेचं! होळीला पितात ती भांग."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "माज्याच हातानं पोराचं वाटोळं केलं," म्हणत ती तिथेच रडायला लागली. इतके खेटे घालून मिळालेली नोकरी केसांपायी जाणार! मी तडक डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसलो आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई आधी माझ्या डोक्याकडे बघून पोटभर हसल्या. "अहो, ते बियांचं तेल. नशा असते ती पानाफुलांत. आणि डोक्याला चोळलेलं तेल लघवीत उतरत नाही." वर म्हणाल्या, "हल्ली त्या झाडाचं कापड निघतं, साबण निघतो. पूर्वी तर जहाजांचे दोर आणि शिडंसुद्धा त्याच्याच धाग्याची असायची."

म्हणजे हे झाड माझ्या कितीतरी आधी जहाजावर लागलेलं. मला हसू आलं, पण जीव भांड्यात पडला तो रिपोर्ट हातात आल्यावरच. काहीही सापडलं नव्हतं. मी सगळ्यांदेखत आईला मिठी मारली.

परतताना रिक्षात मात्र ती पुन्हा मुसमुसायला लागली.

"आता काय झालं? सुटलो ना?"

"सुटलास." तिने पदराने नाक पुसलं. "खरं सांगू? मगाशी रडताना मनात आलं, बरं झालं, आता पोरगा कुठं जानार नाय. कशी आई हाय मी!"

मी डोकंच तिच्यापुढे वाकवलं. तिने पिशवीतून फणी काढून माझा भांग नीट पाडला.

"कोमलला सांग, दुसरी बाटली नको," ती म्हणाली. "बोटीवर तुजं डोकं कोन चोळनार?"